लेसरनं चष्मा जातो म्हणजे डोळ्यात नेमकं काय होतं?

माझ्या भाचीला पाचवीत चष्मा लागला. आता ती तेवीस वर्षांची आहे, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच नंबर, वर दीडचा सिलिंडर, आणि गेली दोन वर्षं नंबर जागचा हललेला नाही. दिवाळीत घरी आली तेव्हा तिनं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली, ब्लेडलेस, फ्लॅपलेस, दहा मिनिटांत चष्म्यापासून सुटका, आणि खाली महिनाअखेरपर्यंतची सूट. "मामा, लॅसिक, स्माइल, पीआरके, कॉन्टुरा, यातलं चांगलं कुठलं?" असं तिनं विचारलं आणि मला काहीच सांगता आलं नाही.

मग तिच्याबरोबर दोन ठिकाणी तपासणीला गेलो, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं, रात्री बसून वाचलं, आणि हळूहळू लक्षात आलं की ती जो प्रश्न विचारत होती तो सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. कुठला लेसर हे नंतर ठरतं, आधी तिच्या डोळ्याची पुढची काच किती जाड आहे, तिचा आकार कसा आहे आणि त्यातलं किती काढलं तर चालेल हा हिशोब मांडायचा असतो. तो हिशोब जाहिरातीत कुठंच नसतो म्हणून हे सगळं लिहितोय.

मायनस नंबर म्हणजे डोळ्यात काय बिघडलेलं असतं?

गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे पटकन कळेल. मशीन एका जागी, पडदा एका जागी, मधलं अंतर बरोबर असलं की चित्र लख्ख. आता कुणी मशीनला हात न लावता पडदाच दोन हात मागं सरकवला तर चित्र पडद्याच्या अलीकडंच जुळतं आणि पडद्यावर नुसतं धूसर काहीतरी पडतं. मायनस नंबरच्या डोळ्यात बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला रेटिना असतो, त्याला आपण मराठीत पडदाच म्हणतो, आणि डोळ्याची लांबी वाढली की तो मागं जातो. नेहमीचा डोळा पुढून मागं साधारण २४ मिलीमीटर असतो, त्यात एक मिलीमीटर वाढला तर अंदाजे अडीच-तीन नंबर लागतो. म्हणजे माझ्या भाचीचा डोळा दोनेक मिलीमीटरनं लांब आहे आणि तेवढ्यावरून पाचवीपासूनचा चष्मा.

आता लेसर हा पडदा पुढं आणतो का? नाही. डोळ्याची लांबी कमी करणारं ऑपरेशन हे नाही. लेसर काम करतो ते पुढच्या काचेवर. डोळ्याच्या अगदी पुढं घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक घुमट असतो, तो कॉर्निया. बोलताना आपण काळ्या-तपकिरी भागालाच बुबुळ म्हणतो आणि घोटाळा होतो, म्हणून इथं कॉर्निया हाच शब्द ठेवतो. डोळ्याची प्रकाश वळवायची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर असते आणि त्यातले ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाचे. डायॉप्टर म्हणजे आपला चष्म्याचा "नंबर", तेच माप. त्यामुळं कॉर्नियाचा घुमट मधोमध जरासा चपटा केला की प्रकाश कमी वळतो, चित्र मागं सरकतं आणि मागं गेलेल्या पडद्यावर जाऊन बसतं. पडदा जिथं गेला तिथंच राहतो, फक्त मशीनचं भिंग बदललं. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

आणि सिलिंडर नंबर?

स्वयंपाकघरातला स्टीलचा डाव उलटा करून त्याच्या पाठीत स्वतःचा चेहरा बघा. लांबीच्या बाजूनं आणि रुंदीच्या बाजूनं वळण वेगवेगळं असतं म्हणून चेहरा ओढल्यासारखा दिसतो. कॉर्निया चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल न राहता डावाच्या पाठीसारखा एका दिशेनं जास्त वळलेला असला की उभ्या रेघा एका ठिकाणी जुळतात आणि आडव्या दुसऱ्या ठिकाणी. रात्री समोरच्या गाडीचा दिवा तिरका फराटा ओढल्यासारखा दिसतो तो बऱ्याचदा यामुळंच. चष्म्याच्या कागदावर सिलिंडरपुढं अॅक्सिस म्हणून एक आकडा असतो, १ ते १८० पर्यंतचा, तो म्हणजे वळण कुठल्या दिशेचं आहे ती दिशा.

मायनस काढायचा तर कॉर्नियाच्या मध्याला सगळीकडून सारखं चपटं करायचं, सिलिंडर काढायचा तर जी दिशा जास्त वळलेली आहे तीच जास्त चपटी करायची. ऐकायला सोपं आहे, पण दिशा चुकली की गडबड होते. दिशा एक अंशानं चुकली तर सिलिंडरची साधारण सव्वातीन टक्के दुरुस्ती वाया जाते आणि ३० अंशांनी चुकली तर सगळीच गेली, सिलिंडर जेवढा होता तेवढाच राहतो, फक्त त्याची दिशा बदलते. यात आणखी एक अडचण म्हणजे माणूस बसलेला असताना आणि आडवा झाल्यावर डोळा खोबणीत थोडा फिरतो, आणि तपासणी बसून होते, ऑपरेशन आडवं पडून. म्हणून सिलिंडर जास्त असेल तर मशीन बुबुळावरच्या नक्षीवरून डोळा किती फिरला ते ओळखून तेवढं स्वतःला वळवून घेतं का, की डॉक्टर बसवून डोळ्यावर पेनानं खूण करून घेतात, हे विचारलंच पाहिजे. आधीच्या पिढीच्या स्माइल मशीनमध्ये हे आपोआप होत नव्हतं, हातानं जुळवावं लागायचं, म्हणून मोठ्या सिलिंडरला बरेच डॉक्टर लॅसिककडं झुकायचे.

पण लेसर डोळा जाळतो ना?

घरातल्या मोठ्यांची पहिली भीती हीच असते आणि ती समजण्यासारखी आहे. इथं एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. रंगास्वामी श्रीनिवासन, मद्रास विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले रसायनशास्त्रज्ञ, आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करायचे. त्यांच्या गटाकडं एक्सायमर नावाचा लेसर होता, १९३ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश, आणि तो प्लॅस्टिकवर अतिशय बारीक कोरीव काम करायचा. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंग या सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याची कूर्चा ते प्रयोगशाळेत घेऊन आले आणि तिच्यावर हा लेसर मारून बघितला. कडा अगदी स्वच्छ कापल्या गेल्या, शेजारचं काहीच करपलं नाही. दुसऱ्या नेहमीच्या लेसरनं तीच कूर्चा कापली तर कडा काळ्या पडल्या. श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम या तिघांना या कामासाठी पुढं अमेरिकेचं राष्ट्रीय पदक मिळालं, २०१३ मध्ये ओबामांच्या हस्ते.

तर एक्सायमर जाळत नाही, तो रेणूंना धरून ठेवणारे बंध तोडतो आणि तेवढा थर उडून जातो. एका झटक्यात जातो तो थर सुमारे पाव मायक्रॉनचा, आणि मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. हा प्रकाश वरच्याच थरात पूर्ण शोषला जातो, त्यामुळं तो आत भिंगापर्यंत किंवा पडद्यापर्यंत पोचतच नाही. ऑपरेशनच्या वेळी केस जळल्यासारखा वास येतो असं लोक सांगतात आणि घाबरतात, तो वास उडालेल्या त्या कणांचा असतो.

दुसरा लेसर म्हणजे फेम्टोसेकंद. एका सेकंदाचे दहा कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे परत एक कोटी भाग करा, तो एक फेम्टोसेकंद, आणि या लेसरचा एक झटका असल्या काहीशे फेम्टोसेकंदांचा. हा इन्फ्रारेड असतो, कॉर्नियातून आरपार जाऊ शकतो, पण काम करतो ते फक्त जिथं केंद्रित होतो तिथंच. लहानपणी भिंग घेऊन उन्हात कागद जाळलाय ना, भिंग आणि कागद यांच्यामधली हवा काही पेटत नाही, बरोब्बर बिंदूवरच धूर निघतो, तसंच. त्या बिंदूवर एक अतिसूक्ष्म बुडबुडा होतो, असे लाखो बुडबुडे शेजारीशेजारी ठेवले की पोस्टाच्या तिकिटांच्या भोकांसारखी ओळ तयार होते आणि थर अलगद सुटा करता येतो. असे तीव्र पण अत्यंत छोटे झटके तयार करायची युक्ती शोधल्याबद्दल जेरार मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग लॅसिक, पीआरके, स्माइल हे वेगळं काय आहे?

कॉर्नियाच्या वर एक पातळ साल असते, सुमारे ५० मायक्रॉनची, ती खरचटली तरी काही दिवसांत परत येते. तिच्या खाली मुख्य गाभा, जो एकदा काढला की परत येत नाही. नंबर काढायचा तो या गाभ्यातून. तिन्ही पद्धतींमध्ये फरक आहे तो गाभ्यापर्यंत पोचायच्या वाटेचा.

पीआरके सगळ्यात जुनी. वरची साल काढून टाकायची, उघड्या गाभ्यावर एक्सायमर मारायचा, वर बँडेज म्हणून एक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवायची आणि साल परत यायची वाट बघायची. पहिले तीन-चार दिवस दुखतं, पाणी येतं, उजेड नकोसा होतो, आणि नजर पूर्ण बसायला काही आठवडे जातात. ट्रान्स पीआरके किंवा टचलेस म्हणतात ते हेच, फक्त सालही लेसरनंच काढतात.

लॅसिकमध्ये साल आणि थोडा गाभा मिळून १०० ते १२० मायक्रॉनचं एक झाकण, म्हणजेच फ्लॅप, कापतात, पूर्वी ब्लेडनं, आता बहुतेक ठिकाणी फेम्टोसेकंदनं, आणि ब्लेडलेस म्हणतात ते एवढ्यावरूनच. बिजागरी ठेवून ते झाकण उघडायचं, आत एक्सायमर मारायचा, झाकण परत बसवायचं. ग्रीसमध्ये क्रीट बेटावर इओआनिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमाराला ही पद्धत बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस घड्याळ वाचतो, म्हणूनच ती इतकी पसरली. पण ते झाकण परत कधीच पहिल्याइतकं घट्ट होत नाही, वर्षांनंतरही डोळ्यावर जोराचा मार बसला तर ते सरकल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळं कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग खेळणाऱ्या पोरांनी हे डॉक्टरांना आधी सांगावं. कॉन्टुरा हे काही चौथं ऑपरेशन नाही, कॉर्नियाचा उंचसखल नकाशा मशीनमध्ये घालून त्याप्रमाणं केलेलं लॅसिकच.

स्माइलमध्ये एक्सायमर लागत नाही. फेम्टोसेकंदनं कॉर्नियाच्या पोटातच एक चकती कापायची, वरून एक काप, खालून एक काप, आणि दोन ते चार मिलीमीटरच्या फटीतून ती चिमट्यानं बाहेर ओढायची. पुरणपोळी न उलगडता कडेला एक छोटी चीर देऊन आतलं पुरण अखंड काढलं तर पोळी मधोमध जशी बसेल तसंच. झाकणासाठी लागणारा जवळजवळ २० मिलीमीटरचा गोल काप वाचतो, त्यामुळं नसाही कमी तुटतात. अमेरिकेत याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि सिलिंडरसाठी २०१८ मध्ये, भारतात त्याच्या आधीपासून होतंय.

हिशोब कसा मांडतात?

आता खरा मुद्दा. कॉर्निया मधोमध साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरच्या जरा वर, कुणाचा ५८०, कुणाचा ४८०. सहा मिलीमीटरच्या वर्तुळात एक नंबर काढायला किमान १२ मायक्रॉन जातात. वर्तुळ मोठं घेतलं तर जास्त जातात, आणि छोटं घ्यावं तर रात्री बाहुली मोठी झाली की कडेचा प्रकाश फाकतो.

भाचीचा कॉर्निया निघाला ४७८ मायक्रॉन. मायनस साडेपाच आणि सिलिंडर दीड, म्हणजे सगळ्यात वळलेल्या दिशेला सात नंबर काढायचे, सात गुणिले बारा, ८४ मायक्रॉन. लॅसिक करायचं तर झाकणाचे ११० वेगळे, कारण कापलेलं झाकण परत भार घेत नाही. ११० अधिक ८४, १९४ मायक्रॉन हिशोबातून गेले, हे झाले ४० टक्क्यांच्या वर. खाली २५० मायक्रॉन तरी अखंड गाभा उरलाच पाहिजे असा जुना नियम आहे, बरेच डॉक्टर आता ३०० धरतात, आणि बदललेला भाग ४० टक्क्यांच्या वर गेला की धोका वाढतो असं मानलं जातं. तिचे उरत होते २८४. पीआरके केलं तर झाकण नाही, साल ५० आणि वर ८४, मिळून १३४, म्हणजे २८ टक्के. तेच ऑपरेशन, तोच नंबर, आणि वाट बदलल्याबरोबर हिशोब केवढा बदलला बघा.

हे सगळं दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी आमच्यासमोर कागदावर लिहून दाखवलं. पहिल्या ठिकाणी काय झालं होतं ते सांगतो, नाव नको. तिथं मशीनवर नंबर काढला, एक जण आला, "मॅडम, स्माइल करून टाका, उद्याची तारीख रिकामी आहे, आज पैसे भरले तर दहा हजार कमी" म्हणाला. कॉर्नियाची जाडी मोजलीच नव्हती. भाचीच्या डोळ्यात आदल्या रात्रीपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स होत्या, ते कुणी विचारलंही नाही. लेन्स घातल्या की कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून मऊ लेन्स किमान एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद ठेवून मगच मोजायचं असतं. त्या दिवशी मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

पातळ झाला तर होतं काय?

डोळ्याच्या आत सतत दाब असतो. कॉर्निया गरजेपेक्षा कमकुवत झाला की तो दाब त्याला हळूहळू पुढं ढकलतो, जुना पत्रा पोक काढतो तसा, आणि मग चष्म्यानंही न जाणारा वाकडातिकडा नंबर येतो. याला एक्टेशिया म्हणतात. हे फार कमी जणांना होतं, पण ज्यांना होतं त्यांतल्या पुष्कळांच्या कॉर्नियात आधीपासूनच केरॅटोकोनस नावाच्या आजाराची सुरुवात असते, ज्यात कॉर्निया आपोआप शंकूसारखा पुढं येतो. सुरुवातीला तो माणसाला जाणवत नाही, साध्या तपासणीत सापडत नाही, आणि तरुणपणीच येतो, म्हणजे जी मुलं लेसर करायला जातात त्याच वयात. ॲलर्जीनं सतत डोळे चोळायची सवय असलेल्यांनी जास्त सावध राहायचं.

तो पकडायचा उपाय म्हणजे कॉर्नियाचा नकाशा, टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी. भाचीनं स्टँडवर हनुवटी टेकवली, समोर एक निळी पट्टी गरकन फिरली, दोन सेकंदांत काम झालं आणि स्क्रीनवर डोंगराच्या नकाशासारखे रंग आले, उंच भाग लाल-नारिंगी, सपाट भाग निळा-हिरवा. सिलिंडर असला की मधोमध डमरूसारखा आकार दिसतो. डॉक्टरांनी डमरूच्या दोन्ही वाट्या सारख्या आहेत का ते बोटानं दाखवलं, म्हणाले खालची वाटी मोठी आणि वाकडी असती तर मी आत्ताच नाही म्हटलं असतं. मग पाठीमागच्या बाजूचाही नकाशा बघितला, कारण आजार बऱ्याचदा मागून सुरू होतो. तिचा नकाशा व्यवस्थित होता, म्हणून पुढचं बोलणं झालं.

कॉर्नियाची मजबुती किती महत्त्वाची आहे हे जुन्या इतिहासातूनही कळतं. लेसरच्या आधी, १९७० च्या दशकात, मॉस्कोचे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव कॉर्नियावर सायकलच्या आऱ्यांसारखे खोल छेद द्यायचे, त्यानं मध्य चपटा व्हायचा आणि मायनस जायचा. अमेरिकेत या रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा केला तेव्हा ४३ टक्के डोळे एक नंबर किंवा त्याहून जास्त प्लसकडं सरकलेले निघाले, घुमट कमकुवत झाला होता म्हणून. बेक वेदर्स नावाचा गिर्यारोहक असं ऑपरेशन करून १९९६ मध्ये एव्हरेस्टवर गेला आणि विरळ हवेत त्याची नजरच गेली. आजचा लेसर तसे खोल छेद देत नाही, पण कॉर्निया तोच आहे.

मधेच डोळा हलला तर?

हा प्रश्न भाचीच्या आजीचा. पापण्या उघड्या धरायला क्लिप असते, भुलीचे थेंब घातलेले असतात, आणि बघायला एक लुकलुकता दिवा असतो. एक्सायमर मशीन सेकंदाला शेकडो वेळा डोळ्याची जागा तपासतं, डोळा सरकला की किरण सरकतो, फारच सरकला की थांबतं. स्माइलमध्ये डोळा हलक्या व्हॅक्यूमनं धरून ठेवतात, अर्धा मिनिटभर, आणि दिवा अंधुक होतो. व्हॅक्यूम मधेच सुटला तर डॉक्टर थांबतात, कुठल्या टप्प्यावर सुटला त्यावर पुढं काय ते ठरतं.

साइड इफेक्ट?

असतात, आणि "काहीच नसतात" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कॉर्नियात शरीरातल्या सगळ्यात दाट नसा असतात, त्याच डोळ्याला कोरडं पडल्याचं कळवतात, त्या तुटल्या की डोळे कोरडे पडतात. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात सुधारतं, काहींचं राहतं. अमेरिकेच्या एफडीएनं केलेला लॅसिकचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी दिव्याभोवती वलयं, चकाकी असं काहीच दिसत नव्हतं त्यांतल्या ४० टक्क्यांहून जास्त लोकांना तीन महिन्यांनी असं काही ना काही नवीन दिसत होतं, आणि आधी डोळे कोरडे नसलेल्यांतल्या २८ टक्क्यांना कोरडेपणा आला होता. त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते आणि या त्रासामुळं रोजचं काम खूप अडतं असं म्हणणारे एक टक्क्याहून कमी. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि रात्री ट्रक चालवणाऱ्यानं पहिला आकडा दोनदा वाचावा.

आधीच डोळे कोरडे, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं सुरू, संधिवातासारखे ऑटोइम्यून आजार, ताब्यात नसलेली शुगर, पुटकुळ्यांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू, यातलं काहीही असेल तर थांबायचं. नंबर वर्षभर तरी स्थिर हवा, अठराच्या आत तर नाहीच. नंबर खूप मोठा किंवा कॉर्निया फारच पातळ असेल तर कॉर्नियाला हात न लावता डोळ्याच्या आत लेन्स बसवतात, आयसीएल म्हणतात, तो वेगळाच विषय आहे.

नंबर परत येतो का, आणि डॉक्टर स्वतः चष्मा का लावतात?

काढलेला गाभा परत येत नाही. पण डोळा पुढं आणखी लांब झाला तर नवा नंबर लागतो, म्हणून तर स्थिर नंबरची अट. आणि चाळिशी सगळ्यांनाच लागते. चाळिशीत आतलं भिंग कडक होतं आणि जवळचं दिसेनासं होतं, त्याचा कॉर्नियाशी काही संबंध नाही. यात एक गोष्ट कुणी सांगत नाही, मायनस दोन-तीनवाला माणूस पन्नाशीत चष्मा काढून आरामात पेपर वाचतो. लेसर केल्यावर ती सोय जाते आणि त्याला वाचायला चष्मा लागतो. अडतिसाव्या वर्षी लेसर करणाऱ्यानं हे आधी तोलावं. तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नाकावरचा चष्मा बऱ्याचदा हाच चाळिशीचा असतो. काहींचा कॉर्निया पातळ असतो, आणि काहींनी लेसर केलेलंही असतं, आपल्याला दिसत नाही इतकंच.

चष्मा गेला म्हणजे डोळा नॉर्मल झाला का?

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. तंबूतला तो मागं सरकलेला पडदा आठवा, तो अजून मागंच आहे. लांबलेल्या डोळ्यात पडदा ताणला जातो, कडेला पातळ होतो, तिथं भोक पडून पडदा सुटू शकतो, काचबिंदूची शक्यताही जास्त असते. चष्मा गेला की माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं सोडून देतो. वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासायचाच, आणि अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले, किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी जायचं, सोमवारची वाट बघायची नाही.

अजून एक गंमतीचं वाटेल पण महत्त्वाचं आहे, कॉर्निया पातळ झाला की डोळ्याचा दाब मोजणारं मशीन खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं आणि काचबिंदू लपून राहू शकतो. म्हणून पुढं कुठल्याही डॉक्टरकडं गेलं तरी "माझं लेसर झालंय" हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

नोकरी आणि विमा

आपल्याकडं भरतीची तयारी करणारी पोरं नजरेच्या अटीसाठी लेसर करतात. आधी जाहिरातीतली वैद्यकीय अट शब्द न् शब्द वाचा. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या पदाला लॅसिक किंवा नंबर काढायचं कुठलंही ऑपरेशन झालेला उमेदवार चालत नाही, नजर कितीही चांगली असो. पोलीस, सैन्यदल, प्रत्येकाची अट वेगळी आणि ती बदलते. आणि आरोग्य विम्यात ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबरसाठी केलेला खर्च वगळायची तरतूद असते, तेव्हा मायनस चार-पाचवाल्यांनी खिशातूनच धरून चालायचं.

भाचीचं पीआरके जानेवारीत झालं. पहिले तीन दिवस तिनं खोलीचे पडदे ओढून काढले, आईनं दर दोन तासांनी थेंब घातले, चौथ्या दिवशी बँडेज लेन्स काढली तेव्हा सगळं तेल लावलेल्या काचेतून बघितल्यासारखं दिसत होतं आणि ती रडकुंडीला आली होती. सहाव्या आठवड्यात नजर बसली. डाव्या डोळ्यात पाव सिलिंडर उरलाय, रात्री दिव्याभोवती बारीक वलय दिसतं म्हणते, थेंब अजून सुरू आहेत.

डॉक्टरांनी शेवटच्या दिवशी एक फाइल दिली, ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाचे दोन्ही नकाशे, किती मायक्रॉन काढले तो कागद. म्हणाले, साठीत हिला मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना बदललेल्या कॉर्नियानं हिशोब चुकतो, त्या डॉक्टरला हा कागद लागेल. माझ्या बहिणीनं ती फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात एलआयसीच्या कागदांबरोबर ठेवलीय, आणि वर पेनानं लिहिलंय, "मोतीबिंदूच्या वेळी".